माळेवाकडी वजा लिंबाजी

वजाबाईने माझ्या दाजींना गावातून वजा केलं, अकरा मिनिटांत गाव पाच वर्षं पुढे पळवून पाहिलं आणि काहीही बिघडत नाही असा निकाल दिला.

नगरपरिषदेच्या सभागृहात आम्ही चौऱ्याऐंशी कर्मचारी कोंबून बसलो होतो. पंखे बंद, कारण काटकसर. पडद्यावर अक्षरं उमटली आणि वजाबाईचा गोड आवाज आला, "पद, व्हॉल्व्हमन. नाव, लिंबाजी सखाराम सोनटक्के. हे पद वजा केल्यास गावावर होणारा परिणाम, निरंक."

मागच्या रांगेतून दाजी उठले. टोपी काढली, पडद्याला हात जोडले आणि म्हणाले, "लई उपकार झाले, बाई."

सगळं सभागृह हसलं. मी हसले नाही. दाजींना वाटलं होतं, आपलं कौतुक झालं. निरंक म्हणजे शून्य, काहीच नाही; पण त्याचा अर्थ सगळं ठीक, सुखरूप, काळजी नको, असंच ते बावीस वर्षं समजत होते. आणि तो शब्द त्यांना मी शिकवला होता.

मी सिंधू गवारे, आवक-जावक लिपिक. माळेवाकडी नगरपरिषदेत येणारा कागद माझ्या शिक्क्याखालून आत येतो आणि माझ्याच शिक्क्याखालून बाहेर जातो. लिंबाजी सोनटक्के हे माझ्या थोरल्या बहिणीचे, गोदाअक्काचे मालक. माझं नवऱ्याशी पटलं नाही, म्हणून मी अक्काच्या घरासमोर एक खोली घेऊन राहते. रोज सकाळी अक्काकडून भरलेला डबा येतो आणि संध्याकाळी मी घासून परत देते. आमच्या दोघींचं नातं त्या डब्यातून चालतं. तोंडाने आम्ही फक्त भांडतो.

आता वजाबाई कोण ते सांगते.

सरकारने कपात जाहीर केली. प्रत्येक नगरपरिषदेने एक तृतीयांश पदं कमी करायची, नाहीतर अनुदान बंद. पूर्वी अशा कामाला समिती नेमायचे. समिती चहा प्यायची, बिस्किटं खायची आणि झाडूवाल्यांची पदं कमी करून उठायची. समितीत बसणाऱ्याचं पद कमी झालेलं मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलं नाही. मग वर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की माणूस वशिला बघतो, यंत्र बघणार नाही. म्हणून कपाटाएवढं एक यंत्र आलं आणि आमच्या रेकॉर्ड रूममध्ये बसलं. त्याचं सरकारी नाव प्रतिनगर निर्णय प्रणाली. आवाज बाईचा आणि काम वजाबाकीचं, म्हणून गावाने पहिल्याच दिवशी वजाबाई नाव ठेवलं.

यंत्राची कल्पना सोपी आहे. हवामानवाले संगणकात एक खोटं आकाश तयार करतात, त्यात खोटे ढग सोडतात आणि पाऊस कुठे पडेल ते आधीच बघून घेतात. तसं वजाबाईच्या पोटात एक खोटं माळेवाकडी होतं. एकवीस हजार खोटी माणसं, साडेचार हजार खोटे नळ, खोटे दिवे, खोटी गटारं, खोटी कुत्रीसुद्धा. उपग्रहाचे फोटो, विजेची बिलं, फोनचे सिग्नल, दवाखान्याच्या नोंदी असं सगळं तिला दिलं होतं. खोटं गाव गेल्या वर्षीच्या खऱ्या गावासारखं वागेपर्यंत तिने स्वतःच स्वतःचे कान पिळले. ते जुळलं, की एक माणूस काढायचा आणि गाव पुढे पळवायचं. माणूस असलेलं गाव आणि नसलेलं गाव शेजारी शेजारी ठेवायचं. दोन्हींत जो फरक पडेल, तेवढं त्या माणसाचं काम.

कल्पना मला आजही आवडते. माणसाची किंमत त्याच्या खुर्चीवरून न करता तो नसल्यावर काय होतं यावरून करायची. यात वाईट काय आहे? काहीच नाही.

वाईट पुढे आहे. मूळ योजनेत प्रत्येक व्हॉल्व्हवर पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर बसवायचा होता. काटकसर करणाऱ्या यंत्राच्या खर्चात काटकसर म्हणून ते सेन्सर रद्द झाले. त्यांच्या जागी पंचवीस वर्षांचे मासिक अहवाल स्कॅन करून वजाबाईला खाऊ घालायचं ठरलं. ते सगळे अहवाल माझ्या हातांनी स्कॅन झाले. त्यात दाजींचे दोनशे चौसष्ट होते. प्रत्येकावर, तक्रारींच्या रकान्यात, दाजींच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द. निरंक.

म्हणजे वजाबाईच्या पोटातल्या माळेवाकडीत पाइप कधी फुटतच नव्हते. मग तिथे लिंबाजी हवा कशाला?

त्याच सभेत आमचा बंटी अत्यावश्यक ठरला. बंटी म्हणजे ऋतुराज, नगराध्यक्षांचा मेहुणा, हुद्दा उद्यान पर्यवेक्षक. माळेवाकडीत उद्यान नाही. उद्यानाची पाटी आहे, तिच्या सावलीत शेळ्या बसतात. पण बंटीचा मासिक अहवाल चाळीस पानांचा असतो. तो फोनला सांगतो, "मस्त चाळीस पानी कर," आणि फोन लिहून टाकतो. रोपांची विचारपूस, तीनशे बारा वेळा. वृक्षांना मानसिक आधार, सत्याण्णव वेळा. हे सगळं वजाबाईने गिळलं होतं. तिने बंटीला वजा केलं तर तिच्या पोटातलं गाव तीन अंशांनी तापलं, म्हातारी माणसं धडाधड पडली आणि चौथ्या वर्षी वाळवंट झालं.

"मला तरी कुठं माहिती होतं," बंटी बाहेर पानटपरीवर सांगत होता, "की माझ्यावर एवढं अवलंबून आहे सगळं."

सभा सुटल्यावर मी मुख्याधिकारी गणोरकर साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. साहेब तिशीतले, सदैव घाईत, वाईट नाहीत. पण पडद्यावर दिसेल तेवढंच त्यांना दिसतं.

"साहेब, लिंबाजी गेले तर पाणी कोण सोडणार?"

"सिंधूताई, सिस्टीम म्हणते, ते नसले तरी तक्रारी निरंकच राहतात. सात दिवसांची प्रत्यक्ष चाचणी घ्यायची आणि मग अंतिम आदेश. तोपर्यंत व्हॉल्व्हची चावी अत्यावश्यक कर्मचाऱ्याकडे."

"कोणाकडे?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "ऋतुराज."

"बंटी? त्याला घरातला नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नाही!"

"वैयक्तिक होऊ नका. त्याचा आउटपुट बघितलात का?"

मी बाहेर आले. माझ्या टेबलावर निरंकचे गठ्ठे होते, आणि ते माझं पाप होतं.

बावीस वर्षांपूर्वी दाजी नोकरीला लागले तेव्हा त्यांना फक्त सही येत होती. पहिल्या महिन्याचा अहवाल त्यांनी मला तोंडी सांगितला आणि मी भरला. गळती अकरा ठिकाणी, दुरुस्त केली अकरा ठिकाणी. मोठ्या अभिमानाने पाठवला. आठ दिवसांत तो परत आला, सोबत पत्र, अकरा ठिकाणी गळती का झाली याचा खुलासा करावा. खुलासा केला, पाइप जुना आहे. पुन्हा पत्र, पाइप जुना असल्याचे यापूर्वी का कळवले नाही याचा खुलासा करावा. ते कळवलं, तर खुलासा विहित नमुन्यात नसल्याबद्दल खुलासा. तीन महिने तो माणूस सकाळी चिखलात आणि दुपारी माझ्या टेबलापुढे हात बांधून उभा. शेवटी मीच म्हणाले, "दाजी, यापुढे या रकान्यात एकच शब्द लिहायचा. निरंक. तो लिहिला की कुणी काही विचारत नाही."

त्यांनी तो शब्द घरी नेला. रांगोळी गिरवावी तसा गिरवला. आणि कुणी काही विचारत नाही म्हणजे सगळं बरं आहे, असा त्याचा अर्थ लावला. पुढे आमची भाची झाली तेव्हा त्यांनी दवाखान्यातून मला फोन केला, "सिंधू, बाळ-बाळंतीण निरंक!" मी तेव्हा पोट धरून हसले होते. चूक दुरुस्त केली नाही. इतका गोड अर्थ कशाला काढून घ्यायचा?

त्या दिवशी संध्याकाळी अक्का माझ्या दारात आली. हातात लाटणं तसंच.

"तू माझ्या नवऱ्याला कागदावरून पुसलंस म्हणे?"

"अक्का, मी नाही, यंत्राने..."

"यंत्राला खायला कोणी घातलं? घास कोणी भरवला?"

"मी. पण तेव्हा मला..."

"निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. सगळं गाव त्यांना बघून हसतंय आणि हा माणूस घरात येऊन म्हणतो, गोदा, माझा सत्कार झाला! मी त्याला कसं सांगू, की तुझ्या मेहुणीने तुला शून्य शिकवलं?"

ती फणकाऱ्याने गेली. दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. मी कँटीनचे पोहे खाल्ले. पोह्यांत शेंगदाणे नव्हते, कारण तिथेही काटकसर.

चाचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी पाणी वेळेवर आलं. दुसऱ्या दिवशी आलं. तिसऱ्या दिवशीही आलं, आणि टेकडीवरच्या शेवटच्या घराला पुरेल एवढ्या दाबाने आलं. साहेब खूश. बंटीचा रोजचा अहवाल येत होता, व्हॉल्व्ह उघडले चाळीस, बंद केले चाळीस, व्हॉल्व्हशी सुसंवाद साधला चाळीस. वजाबाई म्हणाली, "चाचणीचा परिणाम आतापर्यंत, निरंक."

पण बंटी नऊच्या आधी उठत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि पाणी साडेसहाला येत होतं.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता मी गवळीपुऱ्याच्या व्हॉल्व्हपाशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने एक माणूस आला. अंगात रेनकोट, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर लांब लोखंडी चावी. आकाश स्वच्छ होतं आणि माणूस पायी होता.

"दाजी!"

"कोण दाजी?" हेल्मेटातून आवाज आला. "मी पोस्टमन."

"पोस्टमन चावी घेऊन फिरतो?"

दाजींनी हेल्मेट काढलं. घामाने डोकं निथळत होतं. "सिंधू, कुणाला सांगू नको. चावी न्यायला बंटी आलाच नाही. पाणी सुटलं की मी घरी जातो. कुणाला दिसत नाही."

"दिसत नाही, हाच तर घोटाळा आहे! तुम्ही काम करताय, म्हणून तुमच्यावाचून चालतं असं दिसतंय. तीन दिवस घरी बसा. बंटीला करू द्या. गावाला कळू द्या."

दाजी खड्ड्यात उतरले. चावी व्हॉल्व्हवर बसवली आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावला. पाव फेरा फिरवला. थांबले. ऐकलं. पुन्हा पाव फेरा. मग तसेच कान लावून म्हणाले, "कुंभारगल्लीत चौगुल्याची सून बाळंतीण आहे. सहा दिवसांचं पोरगं. तिला काय कळू द्यायचं?"

मी खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसले.

"गाव काय परीक्षेला बसलंय व्हय?" ते म्हणाले. "तहान लागते माणसाला."

मला त्या माणसाचा राग आला. खरंच आला. असली माणसं स्वतःच्या चांगुलपणाने स्वतःचा गळा कापतात आणि वर सुरीला धार लावून देतात. मी तिथून सरळ अक्काच्या घरात शिरले. ती भाकरी थापत होती. वळलीसुद्धा नाही.

"अक्का, दाजी चोरून कामाला जातायत."

थापणारे हात थांबले. "मला सांगतात, डॉक्टरने चालायला सांगितलंय. मी म्हटलं, बाई, हा माणूस जन्मात कधी फिरायला गेला नाही."

"आता त्यांना घराबाहेर पडू देऊ नकोस. उद्याही नको."

"आणि चौगुल्याची सून?" अक्का म्हणाली. म्हणजे नवरा-बायकोच्या डोक्यात एकच सून!

"तिचं पाणी मी भरते."

त्या दिवशी मी रजा टाकली. भाड्याच्या हातगाडीवर दहा कॅन घालून कुंभारगल्लीत नेऊन ठेवले. दवाखान्याच्या दोन टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. मग अक्काने लोखंडी चावी पिठाच्या डब्यामागे लपवली, दाराला बाहेरून कडी घातली आणि उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली.

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता आतून आवाज आला, "गोदा, अगं दार उघड. पोट दुखतंय."

"संडास आतच आहे."

"गोदा, कुंभारगल्लीचा व्हॉल्व्ह डावीकडे अडकतो. त्या पोराला माहीत नसेल."

"त्याला माहीत नाही हे गावाला माहीत व्हायचंय. बसा गप."

गावात पाणी नव्हतं. आठ वाजता फोन सुरू झाले. साडेआठला साहेबांनी बंटीला अंथरुणातून उठवलं. नऊला बंटी टाकीखालच्या मुख्य व्हॉल्व्हवर पोचला, दोन मित्र आणि बॅटरीवर गरगर फिरणारं यंत्र घेऊन. "हाताने फिरवायचा जमाना गेला," असं तो म्हणाल्याचं साक्षीदार सांगतात. यंत्र लावून त्याने एका दमात पूर्ण व्हॉल्व्ह उघडला. खालच्या गल्लीतून आरडाओरडा आला, तसा घाबरून चार सेकंदांत जवळजवळ बंद केला, आणि तो तिथेच अडकला.

इथे थोडं पाण्याचं गणित सांगते, कारण ते चाळीस पानी अहवालात मिळत नाही. टाकीपासून बाजारापर्यंत आमचा मोठा पाइप दोन किलोमीटरचा. व्हॉल्व्ह उघडला की त्यातून जवळजवळ शंभर टन पाणी एकसंध पळायला लागतं, दहा भरलेले ट्रक एकामागे एक बांधावेत तसं. पाणी स्पंजासारखं दबत नाही. त्याचं तोंड अचानक मिटलं, की पुढचं पाणी पुढे धावत राहतं, मागचं अडतं, मध्ये पोकळी पडते, आणि मग सगळं उलटं वळून आदळतं. तो दणका पाइपातून आवाजाच्या वेगाने पळतो आणि जिथे पाइप म्हातारा झाला असेल तिथे बाहेर पडतो. म्हणून दाजी पाव पाव फेऱ्याने उघडायचे आणि कान लावून बसायचे. पाण्याला ते सावकाश जागं करायचे.

आमचा सगळ्यांत म्हातारा पाइप नगरपरिषदेच्या अंगणाखाली होता.

आधी जमिनीतून हुंकार आला. मग फरशा उडाल्या. तीन मजली कारंजं साहेबांच्या खिडकीतून आत गेलं आणि साहेब दारातून बाहेर आले. नगराध्यक्षांची नवी मोटार, जी स्वतःची स्वतः चालते, तिने समोर नदी आहे असं ठरवलं आणि आपण होऊन मागे पळत जाऊन उकिरड्यात थांबली. उद्यानाच्या पाटीला जन्मात पहिल्यांदा पाणी मिळालं.

दुपारी तीनपर्यंत माझ्या टेबलावर एक हजार एकशे त्रेसष्ट तक्रारी आल्या. मी प्रत्येकीवर शिक्का मारला, खुर्चीवर पाय वर घेऊन, कारण खाली गुडघाभर पाणी. बावीस वर्षांनी रकाना भरला होता. खोटं कशाला बोलू, शिक्का मारताना मला मजा येत होती.

"लिंबाजींना बोलवा!" साहेब ओरडले.

"साहेब, ते वजा आहेत."

"सिंधूताई, हात जोडतो."

जोडू दिले. मग अक्काने कडी काढली. दाजी चावी घेऊन पळत आले. येताना त्यांनी सायकलची ट्यूब, लाकडाची खुंटी आणि जुनं गोणपाट आणलं होतं. अंधार पडायच्या आत अंगणातली नदी थांबली आणि टेकडीवर पाणी चढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजी सगळ्यांना सांगत होते, "निरंक! निरंक!"

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी वजाबाईसमोर उभं राहून सांगितलं, "लिंबाजींचं पद कायम करा."

"शक्य नाही," वजाबाई म्हणाली. "पंचवीस वर्षांत पाइप फुटण्याची ही पहिलीच नोंद आहे. एकच घटना म्हणजे अपवाद. अपवादासाठी कायम पद ठेवता येत नाही. शिवाय काल एका वजा व्यक्तीने विनाआदेश सरकारी पाइपाला हात लावला. खुलासा मागवावा."

मी पुढे झाले. "बाई, त्यातली बावीस वर्षं खोटी आहेत. पाइप दर महिन्याला फुटत होता. लिंबाजी तक्रार यायच्या आत दुरुस्त करत होते आणि निरंक लिहीत होते."

"दोनशे चौसष्ट अहवाल खोटे होते असे आपले म्हणणे आहे काय?"

"हो."

"खोटे लिहिण्यास कोणी सांगितले?"

साहेब माझ्या कानाशी आले. "सिंधूताई, विचार करा. एकदा नाव नोंदलं की चौकशी लागते. मला थांबवता येणार नाही. तुमची नोकरी जाऊ शकते."

मला विचार करायचा होता. पण दारात दाजी टोपी हातात घेऊन उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की यातलं काहीही त्यांना कळलेलं नाही. फक्त माझ्यावर काहीतरी येतंय एवढंच कळलंय. ते पुढे सरकून म्हणाले, "बाई, जे काय असंल ते मीच केलंय बघा."

"गप्प बसा दाजी," मी म्हणाले. "लिही गं. सिंधू भिवाजी गवारे, आवक-जावक लिपिक."

मग तीन दिवस दाजींनी आठवून सांगितलं आणि मी लिहिलं. त्यांना तारखा येत नाहीत. त्यांना येतं ते असं. "घोंगडे मास्तरच्या पोरीचं लग्न मोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कुंभारगल्ली." "सरपंचीण देवाघरी गेली त्या आठवड्यात बाजारात दोनदा." "तू नवऱ्याला सोडून आलीस ना, त्या दिवशी तुझ्याच दारात. तुझं ध्यान नव्हतं." खरंच नव्हतं.

अशा दोन हजार चाळीस गळत्या निघाल्या. वजाबाईने त्या नुसत्या मान्य केल्या नाहीत. तिने आपल्या पोटातली पंपाची वीजबिलं काढली. पाइप गळला की टाकी भरायला पंप जास्त वेळ चालतो, वीज जास्त जाते. पंचवीस वर्षांचे ते आकडे तिच्याकडे पहिल्यापासून होते. निरंकपुढे तिने ते कधी विचारात घेतले नव्हते. एक हजार नऊशे अकरा गळत्या बिलांशी बरोबर जुळल्या.

तिने दाजींना पुन्हा वजा केलं. या वेळी खोट्या माळेवाकडीत नवव्या दिवशी टेकडी कोरडी पडली, विसाव्या दिवशी दवाखान्यात जुलाबाची रांग लागली आणि दुसऱ्या वर्षी लोक घरांना कुलपं लावून निघाले. वजाबाई म्हणाली, "पद कायम. मात्र माझ्या निर्णयपद्धतीत त्रुटी आढळली आहे. इतर सर्व विभागांचे अहवालही याच पद्धतीने पडताळून पाहू काय? उद्यान विभागापासून सुरुवात करता येईल."

सभागृहात नगराध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"जेवणाची सुट्टी," साहेब म्हणाले आणि बटण दाबलं.

बंटी आजही अत्यावश्यक आहे. कपातीत पाच झाडूवाल्या बायका गेल्या. एकीच्याही अहवालात निरंकशिवाय शब्द नव्हता. सगळ्या विभागांची पडताळणी करा, या माझ्या पहिल्या अर्जावर 'नस्तीबद्ध' असा शेरा आला, म्हणजे फाइल बंद. दुसरा मी परवा दिला. आवक क्रमांक मीच टाकते, त्यामुळे हरवायची सोय नाही.

राहिली माझी चौकशी. ती वजाबाईसमोरच झाली. नियमाप्रमाणे तिने मलाही वजा केलं. अकरा मिनिटं मी या गावात नव्हते. मग ती बोलायला लागली.

"सिंधू गवारे नसल्यास, लिंबाजी सोनटक्के खऱ्या तक्रारी नोंदवत राहतात. त्यांच्याकडून एकशे बारा खुलासे मागवले जातात. चौदाव्या महिन्यात ते नोकरी सोडतात. पद रिक्त राहते. तिसऱ्या वर्षी पाणीपुरवठा बंद पडतो."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे खोट्या अहवालांमुळे गावाला बावीस वर्षं पाणी मिळालं?"

"होय."

"मग यांना शिक्षा द्यायची की शाबासकी?"

"खोट्या अहवालासाठी शिक्षेचा रकाना आहे. एक वेतनवाढ रोखण्यात येत आहे. पाणी चालू ठेवल्याबद्दलचा रकाना नमुन्यात नाही."

"मग तिथे काय लिहिणार?" मी विचारलं.

वजाबाई म्हणाली, "निरंक."

मागे खुर्ची सरकली. दाजी उभे होते. टोपी छातीशी धरलेली, डोळे भरलेले. "ऐकलंत का साहेब?" ते म्हणाले. "बाई म्हणली, आमची सिंधू निरंक!" आणि अक्काला सांगायला पळाले. चावी तशीच भिंतीला टेकलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आला. खालच्या पुडात पुरणपोळी, वरच्या पुडात तूप, आणि झाकणाला आतून चिकटवलेली एक चिठ्ठी. दाजींना सही सोडून जो एकच शब्द लिहिता येतो, तो तिच्यावर गिरवलेला होता. खाली सही होती.

मी चिठ्ठीवर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि पोळी खायला बसले.